मृदू उत्तर: दयाळूपणे बोलायला पवित्र शास्त्राकडून कसे शिकावे

शास्ते या पुस्तकात एकाच तक्रारीला मिळालेली दोन उत्तरे आहेत. आठव्या अध्यायात इस्राएलाचा पुढारी गिदोन शत्रूचा, मिद्यानी लोकांचा, पाठलाग करतो आहे. बरोबर ३०० माणसे, सगळी थकून गेलेली. अशा वेळी इस्राएलातल्याच एफ्राईम वंशाचे लोक त्याच्यावर चवताळून येतात: लढाईला निघालास तेव्हा आम्हाला का बोलावलं नाहीस? चार शब्द सुनवायला गिदोनाकडे पुष्कळ कारण होते. तो म्हणतो, तुम्ही केलंत त्यापुढे माझं ते काय? आमच्या अबियेजेर कुळाच्या सगळ्या द्राक्षपिकापेक्षा एफ्राइमाचा नुसता सरवा सरस नाही का? मिद्यानाचे सरदार देवाने तुमच्याच हाती दिले. एवढे ऐकून त्यांचा राग निवळतो.

चार अध्याय पुढे तेच लोक तीच तक्रार घेऊन इफ्ताह या दुसऱ्या पुढाऱ्याकडे येतात, या वेळी घर जाळण्याच्या धमकीसकट. इफ्ताह म्हणतो, मी हाक मारली होती, तुम्ही आला नाहीत. मी जीव मुठीत घेऊन गेलो आणि आता तुम्ही भांडायला आलात? त्याचे म्हणणे खोटे होते असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. पण शब्दाने शब्द वाढला, भाऊबंदांत लढाई जुंपली आणि यार्देन नदीच्या उतारावर पळणारे एफ्राइमी ओळखायला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणायला लावला; तो नीट उच्चारता आला नाही म्हणून माणसे कापली गेली. एफ्राइमाची ४२,००० माणसे पडली.

मृदू उत्तराने राग शमतो आणि कठोर शब्दाने तो भडकतो, हे नीतिसूत्रांच्या १५व्या अध्यायातले पहिलेच वचन. पुष्कळ वर्षे मी ते भिंतीवर टांगायचे वचन समजत होते. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचल्यावर कळले की ते घराघरात रोज लागणारे, शिकता येणारे कौशल्य आहे. ते शिकण्याचा एक मार्ग पुढे देते आहे. सगळ्या पायऱ्या एका आठवड्यात चढायची घाई नको. वाचताना जी पायरी सर्वात जास्त टोचेल, तिथून सुरुवात करा.

पायरी १: मोजमाप बदला

आपण बहुतेक वेळा आपले बोलणे दोन कसोट्यांवर तपासतो. हे खरे आहे का? आणि हे म्हणायचा मला हक्क आहे का? इफ्ताहाचे उत्तर या दोन्हींवर उतरले असते. प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२९) तिसरीच कसोटी देतो. तुमच्या तोंडून कुजके बोलणे निघू नये. गरजेप्रमाणे उन्नती करणारे, ऐकणाऱ्याला कृपा देणारे तेवढेच निघावे, असा त्याचा आशय आहे. इथे जो ग्रीक शब्द आहे, सप्रॉस, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानात वाईट झाडासाठी आणि जाळ्यातून फेकून द्यायच्या माशांसाठी आला आहे. म्हणजे प्रश्न फक्त शिवीगाळीचा नाही. एखादे बोलणे वरून सभ्य असते, पण आतून नासलेले असते आणि ज्याच्या मनात जाते तिथे वास धरते.

त्या वचनातला माझ्या मते सर्वात दुर्लक्षित शब्द ‘गरजेप्रमाणे’ हा आहे. गरज कोणाची? ऐकणाऱ्याची. मला मोकळे व्हायचे आहे, मला माझी बाजू सिद्ध करायची आहे, या माझ्या गरजा झाल्या. त्या खोट्या नाहीत, पण इथे मोजमाप त्या नाहीत.

योहानाच्या ११व्या अध्यायात याचे उदाहरण आहे. लाजर मेला आहे. मार्था येशूला सामोरी जाते आणि म्हणते, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते आणि अगदी तेच वाक्य बोलते. मार्थेशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो, तिला प्रश्न विचारतो, तिच्या विश्वासाला शब्द मिळवून देतो. मरीयेला रडताना पाहून तो व्याकूळ होतो, लाजराला कुठे ठेवले आहे एवढेच विचारतो, आणि रडतो. वाक्य एकच, पण बोलणारी माणसे दोन आणि त्यांच्या गरजाही दोन. दयाळूपणाचा ठरावीक साचा शोधत असाल तर तो इथेच मोडतो.

सराव म्हणून आजपासून एकच करा. अवघड संभाषणाआधी मनात विचारा: या माणसाला आत्ता माझ्याकडून काय हवे आहे? उत्तर सुचले नाही तर पुढची पायरी.

पायरी २: ऐकून घ्या, पूर्ण

याकोब त्याच्या पत्रात (१:१९) क्रम लावून देतो: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. आपला क्रम बरोबर उलटा असतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, मग राग, आणि ऐकणे जमले तर शेवटी. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे आणि त्यात लाजच पदरी पडते, असे नीतिसूत्रे १८:१३ सांगते. त्याच अध्यायात चार ओळी पुढे आणखी एक शहाणपण आहे: आपली बाजू आधी मांडणारा खराच वाटतो, दुसरा येऊन त्याला प्रश्न विचारेपर्यंत. घरातल्या दोन मुलांचे भांडण सोडवणाऱ्याने हे वचन पाठ करावे.

ऐकण्याचे काही ठोस नियम. समोरच्याचे वाक्य संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. पुष्कळदा खरे बोलणे त्या शांततेनंतर बाहेर येते. त्याने सांगितलेले तुमच्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे तुला राग उशिराचा आला नाही, कळवलं नाही याचा आला, असंच ना?” चुकले असेल तर तो दुरुस्त करेल, आणि बरोबर असेल तर त्याचे खांदे सैल पडलेले तुम्हाला दिसतील. तिसरे, विचारून घ्या: “तुला मी काही सुचवू का, की नुसतं ऐकू?” या एका प्रश्नाने माझ्या ओळखीच्या एका नवराबायकोचे कित्येक तंटे टळले, कारण तो उपाय सांगत राहायचा आणि ती म्हणायची, मी उपाय मागितलाच नव्हता.

ऐकताना फोन पालथा ठेवा. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

पायरी ३: थांबायला शिका

भांडणाची सुरुवात म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, असे नीतिसूत्रे १७:१४ सांगते, आणि लगेच सल्ला देते: तंटा पेटण्याआधीच सोडून दे. पाणी झिरपते तोवर बोटभर चिखल पुरतो. धार लागली की सारे गाव लागते. म्हणून रागात थांबायचे ते पहिल्या वाक्याआधी. पाचव्या वाक्यानंतर थांबणे फार कठीण.

थांबण्याची उत्तम गोष्ट १ शमुवेल २५ मध्ये आहे, आणि तिची नायिका अबीगईल आहे. तिचा नवरा नाबाल ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडांचा धनी. त्याने पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद ४०० माणसांनिशी तलवारी बांधून निघाला. अबीगईलने ते संकट कसे परतवले ते पुढच्या पायरीत येईल. इथे मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. ती घरी परतते तर नाबाल मेजवानी झोडतो आहे, दारूने धुंद. तिच्याजवळ सांगण्यासारखे किती असेल! तिच्या जागी कोणीही तिथेच सुरू केले असते. शास्त्र नोंदवते की सकाळ होईपर्यंत तिने त्याला लहानमोठे काहीच सांगितले नाही. नशा उतरल्यावर सगळे सांगितले. सत्य तिने लपवले नाही, फक्त ते ऐकू शकेल अशा माणसाची वाट पाहिली.

मग सूर्य मावळण्याआधी राग सोडा या इफिस ४:२६ चे काय? कित्येक जोडपी या वचनापायी मध्यरात्री दोन वाजेपर्यंत वाद घालत बसतात, डोळे मिटत असताना. माझ्या समजुतीप्रमाणे ते वचन राग जपून ठेवू नका म्हणते, वाद आजच निकाली काढा म्हणत नाही. “मी अजून नाराज आहे, पण तू मला हवा आहेस. उद्या सकाळी शांतपणे बोलू,” असे म्हणून झोपणे हे रागाला सैतानाच्या हाती न देणेच आहे.

थांबताना एक पथ्य पाळा. नुसते उठून जाऊ नका. “मला थोडा वेळ हवा आहे, संध्याकाळी बोलू,” असे वेळेसकट सांगा आणि ती वेळ पाळा. न सांगता धरलेला अबोला समोरच्याला शिक्षेसारखा लागतो, आणि बहुतेकदा तो शिक्षा म्हणूनच धरलेला असतो. लेखी निरोपांना हेच लागू आहे. रात्री रागाने लिहिलेला लांबलचक मेसेज लिहा हवा तर, पण पाठवू नका, सकाळी वाचा. मी स्वतः असा एक निरोप रात्रीच पाठवला होता, सख्ख्या भावाला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. तो परत नेहमीसारखा बोलायला दोन वर्षे गेली.

आणि शरीराकडे पाहा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून खाऊ घालतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. तू इथे काय करतोस, हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येतो. उपाशी किंवा झोप न झालेल्या माणसाशी, मग ते तुम्ही स्वतः असाल तरी, गंभीर विषय काढू नका.

पायरी ४: उत्तर मऊ कसे करावे

आता अबीगईल आणि दावीद. तिने आधी भाकरी, द्राक्षारस, मेंढ्या, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून पुढे पाठवल्या. जी गोष्ट नाकारल्यामुळे राग आला होता, ती आधी दिली. मग स्वतः गाढवावरून उतरली, पाया पडली आणि दोष स्वतःकडे घेतला. दावीदाला तिने खुनशी म्हटले नाही. तू परमेश्वराच्या लढाया लढणारा आहेस, तुझा जीव परमेश्वराजवळ जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहील, असे ती म्हणाली. आणि शेवटी मुद्दा: उद्या तू राजा होशील तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताचा सल तुझ्या मनात राहू नये. त्याच्यातल्या चांगल्या माणसाला तिने हाक मारली आणि तो माणूस बाहेर आला. दावीदाने तिच्या शहाणपणाबद्दल देवाचे आभार मानले.

(तिने त्याच भाषणात नवऱ्याला त्याच्या नावाप्रमाणेच मूर्ख म्हटले आहे. घराला वाचवायला निघालेल्या बाईचा तो त्रागा मी समजू शकते, पण तेवढा भाग उचलू नये.)

मृदू जीभ हाड मोडते, असे नीतिसूत्रे २५:१५ मध्ये आहे. म्हणजे मृदूपणात जोर असतोच. तो आणायचा कसा, याच्या काही युक्त्या:

‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द काढून टाका. “तू कधीच वेळेवर येत नाहीस” या वाक्यावर समोरचा लगेच ते अपवाद शोधायला लागतो, जेव्हा तो वेळेवर आला होता. “काल तासभर वाट पाहिली, काळजी वाटत राहिली” यावर वाद घालता येत नाही.

माणसावर शिक्का मारू नका, झालेली गोष्ट सांगा. ‘तू बेजबाबदार आहेस’ हे ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटते. ‘बिल भरायचं राहिलं’ हे उद्या भरून टाकता येते.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न जपून वापरा. “असं का केलंस?” हे कानाला उलटतपासणीसारखे लागते. “काय झालं ते सांगशील?” याने तीच माहिती मिळते.

आणि आवाज. शब्द सगळे बरोबर, पण दातओठ खाऊन म्हटलेले, तर ते मृदू उत्तर नव्हे. आवाज एक पट्टी खाली आणा, मग बोला.

पायरी ५: कटू खरे सांगायचे असेल तेव्हा

इथे जरा रेंगाळते, कारण दयाळूपणाच्या नावाखाली सर्वात जास्त चुका इथे होतात. एकतर आपण बोलतच नाही आणि त्याला प्रेम म्हणतो, किंवा फटकन बोलतो आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतो.

लेवीय १९ मध्ये, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा येण्याच्या अगदी आधीच्या वचनात सांगितले आहे: भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला त्याची चूक अवश्य दाखव. म्हणजे चूक न दाखवता आत धुमसत राहणे हे शास्त्राच्या हिशेबी द्वेषाच्या बाजूला पडते. मित्राने केलेले घाव विश्वासाचे असतात, हे नीतिसूत्रे २७:६ मधले बोल त्याच रांगेतले.

पण कसे? मत्तय ७ प्रमाणे आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायचे. हे मला व्यवहारात असे उपयोगी पडते: ज्या गोष्टीबद्दल बोलायचे, तीच गोष्ट मी शेवटची कधी केली होती हे आठवायचे. आठवले की बोलण्यातली चढलेली पट्टी आपोआप उतरते. मग मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने, एकट्याला गाठायचे. चारचौघांत नाही, कुटुंबाच्या ग्रुपवर नाही, ‘आम्हा सगळ्यांना असं वाटतं’ असे म्हणूनही नाही. दहाजणांची नावे पाठीशी घेऊन आलात की समोरच्याला ती फौज वाटते.

नाथान संदेष्ट्याने हे कसे केले ते पाहा (२ शमुवेल १२). दावीदाने बथशेबेला नेले, तिच्या नवऱ्याला, उरीयाला मारवले. आरोप थेट ठेवला असता तर राजा बचावाला उभा राहिला असता. नाथानाने गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, जी त्याच्या ताटातले खायची आणि उराशी झोपायची. लहानपणी मेंढरे राखलेल्या माणसाला ही गोष्ट सांगितली, हे विसरू नका. दावीदाचा न्याय जागा झाला, आणि मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. तो सौम्य होता, पण शेवटचे वाक्य त्याने गिळले नाही.

कलस्सैकरांस पत्रात (४:६) पौल म्हणतो की तुमचे बोलणे कृपायुक्त, मिठाने रुचकर केलेले असावे. मराठीत बोलण्याला तिखटमीठ लावणे म्हणजे भलतेच. पौलाचे मीठ वेगळे. ते पदार्थाला टिकवते आणि चव आणते, आणि मुख्य म्हणजे ते साखर नाही. ज्या बोलण्यात सत्य नाही, नुसते गोड आहे, ते अळणी. ज्यात मीठच मीठ आहे, ते घशाखाली उतरत नाही.

एक साचा देते, आपल्या शब्दांत बदलून घ्या. “तुझ्याशी एक अवघड गोष्ट बोलायची आहे, आत्ता चालेल का?” मग जे पाहिले ते, एका प्रसंगापुरते. मग “तुझ्या बाजूने काय झालं ते मला ऐकायचं आहे.” मग गप्प बसणे. अर्ध्या संभाषणात तरी असे निघते की आपल्याला अर्धेच माहीत होते.

पायरी ६: दुःखी माणसाजवळ

मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. कोणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. त्यांचे ते सात दिवस निर्दोष होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि कारणे द्यायला सुरुवात केली, आणि १६व्या अध्यायापर्यंत ईयोबाला म्हणावे लागले की तुम्ही सगळे सांत्वन करणारे त्रासदायकच आहात.

शोकात असलेल्या माणसाला कारण देऊ नका. “देवाची इच्छा”, “सगळं भल्यासाठीच होतं”, “निदान त्यांचे हाल तरी झाले नाहीत” ही वाक्ये बोलणाऱ्याच्या अस्वस्थतेवरची औषधे आहेत. खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचे वस्त्र काढून घेणे, इतक्या कडक शब्दांत नीतिसूत्रे २५:२० बोलते. त्यापेक्षा म्हणा, “मला काय बोलावं कळत नाही, पण मी इथे आहे.” गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. “काही लागलं तर सांग” याऐवजी “उद्या सकाळी मी येऊन मुलांना बघते” असे ठरलेले काहीतरी द्या. आणि महिन्याभराने, बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात तेव्हा, पुन्हा विचारा.

पायरी ७: पाठीमागचे बोलणे

लेवीय १९:१४ मध्ये एक छोटी आज्ञा आहे: बहिऱ्याला शाप देऊ नको. ज्याला ऐकूच येत नाही त्याला शापाने काय होणार, असे वाटेल. पण जो समोर हजर नाही तोही आपल्यापुरता बहिराच. आपल्याबद्दल काय बोलले जात आहे ते तो ऐकू शकत नाही, आणि उत्तरही देऊ शकत नाही.

सरपण संपले की आग विझते, चहाडखोर नसला की भांडण मिटते (नीतिसूत्रे २६:२०). सरपण न घालण्याचे मार्ग: “तू हे त्याच्याशी बोललास का?” असे विचारणे. त्या माणसाबद्दल माहीत असलेली एक चांगली गोष्ट सांगणे. किंवा सरळ, न रागावता, “तो इथे नाही, आपण दुसरं बोलू.” सांगणाऱ्याला लाज वाटेल असे उपदेशपर काही म्हणू नका, तीही एक जखमच.

विश्वासी मंडळींत एक खास सापळा आहे. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं,” या पडद्याआडून पुष्कळ घरांची गुपिते बाहेर जातात. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी आहे त्याने सांगायची परवानगी दिली नसेल, तर “त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा” एवढे पुरे. देवाला तपशील माहीत आहेत.

पायरी ८: गंमत

नीतिसूत्रे २६:१८-१९ मध्ये शेजाऱ्याला फसवून ‘मी तर थट्टा केली’ म्हणणाऱ्याची तुलना निखारे आणि बाण फेकत सुटलेल्या वेड्याशी केली आहे. रंगावरून, वजनावरून, लग्न न जमण्यावरून, मूल नसण्यावरून केलेली गंमत जिव्हारी लागते, आणि हसणारा माणूस कधीकधी फक्त सुटका म्हणून हसतो. थट्टा ज्याची झाली तो पुढच्या वेळी तुमच्याजवळ येऊन बसतो की लांब, एवढे बघा.

पायरी ९: चांगले बोलायचे राहून जाऊ नये

वाईट न बोलणे एवढ्यावर बरेचजण थांबतात. पण चिंतेने दबलेल्या मनाला एक चांगला शब्द उभारी देतो, असे नीतिसूत्रे १२:२५ म्हणते, म्हणजे तो शब्द कोणीतरी उच्चारावा लागतो. रूथ परक्या देशात सरवा वेचायला आली तेव्हा शेताचा मालक बवाज याने तिला नुसती परवानगी दिली नाही. तिने सासूसाठी काय काय केले ते सगळे मला कळले आहे, असे तिला सांगितले. रूथचे उत्तर असे की आपण मला धीर दिलात, या दासीच्या मनाशी बोललात.

म्हणून कौतुक नेमके करा. “छान केलंस” हे विसरले जाते. “आजोबांशी बोलताना तू खाली बसून बोललीस, ते मला फार आवडलं” हे मूल वर्षानुवर्षे लक्षात ठेवते.

मुळाशी

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एवढे तोलूनमापून बोलायचे तर जीव थकेल. थकतो, कारण तोंड हे भांड्याचे फक्त काठ आहे. अंतःकरणात जे भरून वाहते तेच मुखातून बाहेर पडते, असे येशू मत्तय १२:३४ मध्ये सांगतो. मी ज्याच्याशी वारंवार तुसडेपणाने बोलते, त्याच्याविषयी माझ्या मनात आधीच एक खटला चालू असतो. मी आरोपपत्र लिहीत असते आणि साक्षीदारही मीच. अशा वेळी शब्द बदलून फार फरक पडत नाही. त्या माणसासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची, बदल मागण्यासाठी नव्हे, भल्यासाठी. दोन आठवड्यांत आवाज बदलतो. मी हे स्वतःवर पाहिले आहे. आणि स्तोत्र १४१ मधली तिसरी ओळ सकाळी म्हणावी: परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा बसव, माझ्या ओठांचे दार राख.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मृदू बोलणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. महायाजकापुढे एका शिपायाने येशूला थप्पड मारली तेव्हा त्याने शिवी दिली नाही आणि तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). घरात कोणी शब्दाने किंवा हाताने छळत असेल, तर हा लेख त्याला आणखी गोड उत्तर द्या असे सांगत नाही. तिथून बाहेर पडणे आणि मदत मागणे, दोन्ही करा.

पायरी १०: चुकल्यावर

चुकणार आहात. याकोबाने (३:८) लिहूनच ठेवले आहे की जीभ कोणाही माणसाला पूर्णपणे वश करता येत नाही. मग काय करायचे ते मत्तय ५:२३-२४ सांगते: वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा. उपासनेपेक्षाही आधी, इतके ते तातडीचे.

क्षमा मागताना केलेल्या गोष्टीचे नाव घ्या. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. “काल सगळ्यांसमोर मी तुझ्या पगारावरून बोललो, ते चुकलं. तुझा अपमान झाला. मला क्षमा कर,” एवढेच, आणि पुढे ‘पण’ नको. समोरचा लगेच क्षमा करेल याची खात्री नाही; त्याला वेळ लागला तर तो त्याचा वेळ आहे, मागे लागू नका. मुलांची क्षमा मागायला लाजू नका.

आणि क्षमा मागायला कोणी तुमच्याकडे आले तर? योहान २१ मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. नव्या करारात त्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि येशूच्या अटकेच्या रात्री ज्या विस्तवापाशी शेकत त्याचा शिष्य पेत्र याने तीनदा त्याला नाकारले तिथे. येशू आधी न्याहारी देतो. मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीचा उल्लेख तो एकदाही करत नाही. प्रत्येक उत्तरानंतर एक काम सोपवतो, माझी मेंढरे चार. तुमच्याकडे आलेल्या माणसाला आधी बसवा, काही खायला द्या, जुना हिशेब वाचून दाखवू नका, आणि तो निघताना त्याच्या हाती काहीतरी सोपवा: घराची किल्ली, आईला दवाखान्यात न्यायचे काम, उद्याचा एक फोन.